कवायतीत हुकूम कोण देणार?

जून २०२५ मध्ये राज्याचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी घोषणा केली, की पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक स्वरूपाचं सैनिकी प्रशिक्षण दिलं जाईल. त्यासाठी राज्यातले अडीच लाख माजी सैनिक, क्रीडाशिक्षक, एनसीसी आणि स्काउट-गाईड यांची मदत घेतली जाईल. देशप्रेम, शिस्त आणि व्यायामाची सवय हा उद्देश सांगितला गेला. लगेच नेहमीप्रमाणे दोन बाजू पडल्या. एका बाजूला वाटलं, आता मोबाइलमध्ये बुडालेली पोरं सरळ होतील. दुसऱ्या बाजूला वाटलं, कोवळ्या मुलांना बंदुकीच्या वाटेला लावण्याचा हा डाव आहे. मी कॉलेजात एनसीसीत होतो आणि नंतर शिक्षक म्हणून माझी बरीच वर्षं शाळेच्या मैदानावर मुलांच्या रांगा लावण्यात गेली. म्हणून या वादात मला माझं म्हणणं मांडावंसं वाटतं.

मराठवाड्यातल्या मुलामुलींना कवायत मिळाली पाहिजे. आज मिळते त्याच्या कितीतरी पट मुलांना मिळाली पाहिजे. पण माझी एक अट आहे, आणि ती मी सोडायला तयार नाही: रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलाला रांगेसमोर उभं राहून हुकूम देण्याची पाळी आली पाहिजे. नुसता हुकूम पाळायला लावणारी कवायत अर्धी आहे, आणि त्या अर्ध्या कवायतीनं लागणारी शिस्त मैदानाच्या फाटकाबाहेर टिकत नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला कवायत म्हणजे पाय आपटणं वाटतं. आत काय चालतं ते सांगतो. तेज चालीत मिनिटाला १२० पावलं पडतात, प्रत्येक पाऊल ३० इंचांचं. हे मोजून चालणारी मुलं काही दिवसांत घड्याळ न बघता त्या चालीत येतात. उजवीकडच्या मुलाकडे मान न वळवता, नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून ओळ सरळ ठेवायची असते. उंच पोरानं पाऊल आवरायचं, बुटक्यानं थोडं ताणायचं. माझ्या चुकीनं शेजाऱ्याची ओळ बिघडते, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचून कळत नाही. इथे ती पंधरा मिनिटांत कळते.

खरी परीक्षा मात्र हुकूम देणाऱ्याची असते. प्रत्येक हुकुमाचे दोन भाग असतात. पहिला भाग सावध करतो, काय करायचंय ते सांगतो. दुसरा भाग कृती घडवतो. ‘दाहिने’ म्हटल्यावर ‘मुड’ म्हणायच्या आधी एवढा अवकाश हवा, की शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या मुलाच्या कानापर्यंत शब्द पोचून त्याचं शरीर तयार व्हावं. घाई केली तर निम्मी मुलं वळतात आणि निम्मी तशीच राहतात. चालत्या रांगेला ‘थम’ द्यायचा तर तो ठराविक पावलावरच पडावा लागतो. अर्धं पाऊल उशीर झाला तरी सगळी रांग अडखळते. आणि ती अडखळली तर दोष रांगेचा नसतो, हुकूम देणाऱ्याचा असतो. आमचे उस्ताद, म्हणजे सैन्यातून आलेले हवालदार, अशा वेळी रांगेला कधी बोलत नसत. ते शांतपणे पुढे येत, हुकूम देणाऱ्या कॅडेटजवळ उभे राहत आणि म्हणत, फिर से.

त्या ‘फिर से’मध्ये मला लोकशाहीचं फार मोठं शिक्षण दिसतं. आपल्या शब्दावर माणसं हालतात, म्हणून शब्द तोलून टाकायचा. आपल्या मागे येणाऱ्यांना आधी सावध करायचं, त्यांना तयार व्हायला वेळ द्यायचा. चूक झाली तर खालच्यावर ढकलायची नाही. मराठवाड्यात सरपंचापासून संस्थाचालकापर्यंत आणि पतसंस्थेच्या अध्यक्षापासून बाजार समितीच्या संचालकापर्यंत ज्यांना हुकूम देण्याची सवय आहे, त्यातल्या फार थोड्यांना हे कुणी शिकवलं असेल. आणि ज्यांना आयुष्यभर हुकूम ऐकायचीच सवय लागली, त्यांना आपणही आवाज देऊ शकतो हे कुणी कधी दाखवलेलं नाही.

कवायतीचा जन्म लढाईच्या गरजेतून झाला, हे तिच्या विरोधकांचं म्हणणं खरं आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये मॉरिस ऑफ नासाऊ या सेनानीनं बंदूक भरण्याच्या कृतीचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला एक हुकूम जोडला. त्या काळी तोड्याची बंदूक भरायला फार वेळ लागे. एक रांग गोळी झाडून मागे जाई, दुसरी पुढे येई. हे घोळ न होता व्हायचं, तर शेकडो माणसांचे पाय एका तालात पडणं भाग होतं. आजच्या लढाईत कोणी रांगेत चालत जात नाही. तरी जगातल्या सगळ्या सैन्यांनी कवायत ठेवली आहे, कारण एकत्र तालात हालल्यानं अनोळखी माणसं एकमेकांना धरून राहायला शिकतात. हा गुण चांगल्या कामाला लागतो आणि वाईटालाही. हे मराठवाड्याला कोणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही.

एनसीसीची स्थापना जुलै १९४८ मध्ये झाली, पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून. त्या जुलैत आपला मराठवाडा भारतात नव्हता. निजामाच्या राज्यात रझाकार गणवेश घालून, हत्यारं घेऊन गावोगाव संचलन करत होते, आणि त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली केलेला माणूस होता. तेही रांगेत चालत होते, तेही हुकूम पाळत होते. त्यांच्या रांगा बघून लोक घराची दारं लावून घेत, काही गावं रात्रीतून ओस पडली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत आलं आणि १७ सप्टेंबरला ते राज्य संपलं. आमच्या भागातल्या जुन्या माणसांनी हे सांगितलेलं ज्यांनी ऐकलं, त्यांना नुसत्या तालाचं कौतुक वाटू शकत नाही. तुमच्या रांगेचा हुकूम कुठून येतो, तो कायद्याला बांधलेला आहे की एखाद्या म्होरक्याच्या मर्जीला, हा प्रश्न कवायतीच्या पहिल्याच तासाला मुलांना सांगावा लागतो. एनसीसीच्या कायद्यात स्पष्ट आहे, की कॅडेट झालं म्हणून कुणावर लष्करी सेवेचं बंधन येत नाही. ही गोष्ट पालकांनाही सांगितली जात नाही, आणि मग अफवा पसरतात.

सक्तीचा प्रयोग देशानं एकदा करून पाहिला आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. शिकवायला पुरेसे अधिकारी नव्हते, पुरेसे गणवेश नव्हते, आणि मुलं हजेरीपुरती येऊ लागली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. पुढच्याच वर्षी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती काही अंशी याच अनुभवातून. आता पहिलीपासून सगळ्यांना हे शिक्षण द्यायचं म्हणताना तो इतिहास कुणी वाचलाय का, असं मला मनापासून विचारावंसं वाटतं.

पहिलीच्या मुलाला ३० इंचांचं पाऊल टाकताच येत नाही. त्याच्या गुडघ्याला, टाचेला जोरात आपटणं सोसत नाही. त्याला ताल हवा असेल तर आपल्याकडे लेझीम आहे. लेझमीत पाऊल आहे, रांग आहे, वर्तुळ आहे, शेजाऱ्याकडे लक्ष आहे आणि आनंदही आहे. चौथीपर्यंत लेझीम आणि मैदानी खेळ, पाचवी ते सातवी साधी सामूहिक कवायत आणि स्काउट-गाईड, आणि आठवीपासून ज्याला हवं त्याला एनसीसीच्या धर्तीवर संचलन. एनसीसीचा कनिष्ठ विभाग आठवी-नववीच्या मुलांसाठीच आहे, आणि त्यामागे विचार आहे. तो विचार मोडून खाली उतरण्याचं काही कारण मला दिसत नाही.

पण मराठवाड्यात आठवीच्या किती मुलांपर्यंत हे पोचतं? एनसीसी मुख्यतः शहरांतल्या, तालुक्याच्या गावांतल्या जुन्या संस्थांत आहे. आता काही शाळांना स्वतःच्या खर्चानं तुकडी घेता येते. म्हणजे जी संस्था फी घेते तिला ते परवडतं. जिल्हा परिषदेच्या शाळेला हा खर्च कुठल्या खात्यातून करायचा? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक सांगितलाय, पण शंभरहून जास्त पट असलेल्या शाळेलाच. पाटोदा, जिंतूर, भूम, किनवट या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळा त्यात कशा बसणार? २०२० च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी एनसीसीचा विस्तार जाहीर केला तेव्हा सीमेवरचे आणि समुद्रकिनाऱ्यावरचे १७३ जिल्हे घेतले, एक लाख नवे कॅडेट, त्यात एक तृतीयांश मुली. चांगला निर्णय होता. पण मराठवाडा ना सीमेवर, ना किनाऱ्यावर. इथल्या पोरांना सैन्याची ओढ कमी आहे असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. १९७७ साली औरंगाबादला शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था निघाली, तिथून कितीतरी मुलं एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेली. ती मोजक्या निवडलेल्या मुलांसाठी आहे. बाकीच्यांना काय?

बाकीचे पहाटे चारला महामार्गावर धावतात. पोलिस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, अग्निवीरसाठी १६०० मीटरला सेकंद मोजले जातात, आणि गावात धावायला मैदान नाही. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ असाच सराव करणाऱ्या तरुणांना एसटी बसनं धडक दिली आणि तिघांचा जीव गेला. भरतीची तयारी करत होती ती पोरं. ज्या मुलखात मुलांना धावायला डांबरी रस्त्याशिवाय जागा नाही, तिथे सैनिकी प्रशिक्षणाची घोषणा करणाऱ्यांनी पहिल्यांदा मैदानाचा सातबारा काढून बघावा. कितीतरी गावांत शाळेच्या मैदानावर समाजमंदिर, पाण्याची टाकी, व्यापारी गाळे उभे राहिले आहेत, आणि गावच्याच माणसांनी ते उभे राहू दिले आहेत. शहरातल्या खासगी भरती अकॅडम्यांत बाप जमीन गहाण टाकून पैसे भरतो, ते याच पोकळीमुळे.

आता मुलींबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी आणि बीड जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. ही लग्नं ज्या घरांत होतात त्या घरांत मुलीचा आवाज उंबऱ्याबाहेर ऐकू येऊ नये अशी शिकवण असते. मी अशा घरातल्या नववीच्या मुलीला पहिल्यांदा हुकूम द्यायला उभं केलेलं आहे. पहिले काही दिवस आवाज गळ्यातच राहतो. पुढच्या रांगेलाही ऐकू जात नाही, मुलं हसतात. मग पोटातून आवाज काढायला शिकवावं लागतं, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ‘ऐकू येत नाही’ असं ओरडावं लागतं. आणि एके सकाळी तिच्या ‘सावधान’वर तीस जोड टाचा एकत्र वाजतात. त्या तीस जणांत गावच्या पाटलाचा मुलगा असतो, शिक्षकाचा असतो, तांड्यावरचा असतो. त्या मुलीनं पुढे सैन्यात जावं की शिवणक्लास काढावा, हा तिचा प्रश्न. पण लग्नाची बोलणी चालू असताना ‘मला शिकायचंय’ एवढं वाक्य स्पष्ट आवाजात म्हणता येणं, यासाठी तो आवाज आधी कुठेतरी निघालेला असावा लागतो.

एनडीएची दारं मुलींना न्यायालयाच्या आदेशानंतर उघडली आणि मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. मुलींसाठीची राज्याची सेवापूर्व संस्था २०२३ मध्ये नाशिकला झाली. मराठवाड्यातल्या मुलीनं तिथवर जायचं तर आधी तिच्या गावच्या शाळेत तिला रांगेपुढे उभं करणारं कुणीतरी हवं.

जातीबद्दलही बोललं पाहिजे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याच्या १९७८ च्या नामांतर ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, ते आम्ही विसरू शकत नाही. अलीकडच्या आरक्षणाच्या वादांनी पुन्हा गावागावांत माणसं आडनावावरून एकमेकांकडे बघू लागली, आणि त्याची झळ शाळेच्या बाकांपर्यंत आली. एनसीसीच्या वार्षिक शिबिरात वेगवेगळ्या जिल्ह्यांची मुलं दहा दिवस एका बराकीत झोपतात, एका पंगतीत जेवतात, एकाच नळावर बूट धुतात. हे मी पाहिलेलं आहे आणि याची किंमत मला फार वाटते. पण तिथेही तुकडीचा प्रमुख कोण होणार, हे शाळेत आधीच ठरून आलेलं असेल, आणि तो दरवर्षी संस्थाचालकाच्या नात्यातला किंवा गावातल्या वजनदार घरातलाच असेल, तर कवायत जुनीच उतरंड नव्या गणवेशात उभी करते. म्हणून पाळी हवी. आठवड्याला बदलणारी, यादीत लिहिलेली, कुणाच्या मर्जीवर न अवलंबणारी. ज्याचा आवाज बारीक आहे त्याचीही, जो अडखळतो त्याचीही.

यावर एक हरकत घेतली जाते आणि ती साधी नाही. काही उस्ताद म्हणतात, सगळ्यांना हुकूम द्यायला लावलं तर संचलन देखणं होत नाही. प्रजासत्ताक दिनाला जिल्ह्याच्या ठिकाणी सलामी द्यायची असते, तिथे उत्तम कमांडर हवा. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, पण फक्त त्या एका दिवसापुरतं. शाळांत घोटाळा असा झालाय, की वर्षभराची कवायत त्या एका दिवसासाठीच होते. ऑगस्ट, सप्टेंबर आणि जानेवारी या तीन महिन्यांत पंधरा-पंधरा दिवस अभ्यास सोडून सराव, बाकी वर्ष मैदान रिकामं. आणि मग प्रत्यक्ष दिवशी मुलं सातपासून उभी, पाहुणे नऊला. सप्टेंबरातलं ऊन कोवळं नसतं. गुडघे ताणून हालचाल न करता उभं राहिलं, की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं आणि मूल कोसळतं. त्यातून सकाळी काही न खाता आलेलं असलं तर आणखी लवकर. राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी आहेत, हे वर सांगितलेल्या सर्वेक्षणातच आहे, आणि किशोरवयीन मुली त्याला अपवाद नाहीत. मुली कडूनिंबाखाली नेऊन पाणी मारून उठवायच्या आणि पुन्हा रांगेत उभ्या करायच्या, याला शिस्त म्हणण्याला माझा ठाम विरोध आहे. सलग उभं राहण्याची वेळ ठरवून द्या, पाहुणे आल्याशिवाय रांग लावू नका, सरावाआधी गूळ-शेंगदाणे किंवा केळं द्या, पायात बूट द्या. स्लीपर घालून टाच आपटणाऱ्या मुलाच्या नडगीला काय होतं, ते त्याच्या आईला विचारा.

आणखी एक गोष्ट मराठवाड्याबाहेरच्या माणसाला चटकन सुचणार नाही. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडची ऊसतोड कामगारांची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर फडावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्यांची मुलं २६ जानेवारीच्या रांगेत कधीच नसतात. वर्षाचा कार्यक्रम जानेवारीभोवती रचला, तर सगळ्यात गरीब मुलं आपोआप गळतात. म्हणून मुख्य प्रशिक्षण जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत घ्या. त्याच काळात इथे पावसाची संकटं येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, जालना, लातूर, नांदेडमध्ये जे पूर आले, त्यात शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. अशा वेळी वाडीवर वीस प्रशिक्षित मुलं असती, ज्यांना गट पाडून काम वाटता येतं, म्हाताऱ्यांची यादी करता येते, दोर धरून रांगेनं माणसं काढताना मोठ्यांच्या हाताखाली उभं राहता येतं, तर त्याचा उपयोग झाला असता. मुलांना पुराच्या पाण्यात उतरवा असं मी म्हणत नाही. काठावरचं कामही पुष्कळ असतं, आणि ते गोंधळात कुणी करत नाही.

माजी सैनिकांची मदत घ्यायला माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. आमच्या गावांत पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून परत आलेली माणसं बँकेच्या दारावर पहारेकरी म्हणून उभी राहतात. त्यांच्याकडे देण्यासारखं खूप आहे. पण जवानाला शिकवणं वेगळं आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शिकवणं वेगळं. मुलांना मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, दुखत असलेल्याला पळवायचं नाही, मुलींच्या तुकडीसोबत शिक्षिका हवी, हे त्यांना आधी शिकवून, लेखी मान्य करून घ्यावं लागेल. आणि त्यांना मानधन द्यावं लागेल, तेही वेळेवर. फुकटच्या सेवेवर उभी केलेली योजना पहिल्या दिवाळीपर्यंत टिकत नाही.

पैसा नाही असं नाही. जिल्हा नियोजन समितीकडे दरवर्षी निधी येतो, त्यातून प्रत्येक तालुक्यात चार-पाच गावांना मिळून एक कुंपण घातलेलं मैदान आणि एक पूर्णवेळ प्रशिक्षक देता येईल. सुरुवात एकाच वर्षी सगळ्या राज्यात करू नका. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत प्रत्येकी एक तालुका घ्या, शक्यतो ऊसतोडीचा किंवा तांड्यांचा. ज्यांना हवं त्यांनाच घ्या. वर्षाअखेरीस तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यानं संचलन किती देखणं झालं ते बघू नये. त्यानं हजेरीपट उघडावा, त्यातली कुठलीही पाच नावं काढावी, आणि त्या पाच मुलांना एकेक करून तुकडी चालवायला लावावी.